वाक्याला कर्ता हवा

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचे दुसरे प्रकरण परवा पोहोचले आणि सोबतची चिठ्ठीही. एक मार्गदर्शक महामंदीचा दोष अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेला देतात, दुसरे म्हणतात मागणीच आटली होती, तिसरे सुवर्णप्रमाणावर, म्हणजे चलनाची किंमत सोन्याशी बांधण्याच्या पद्धतीवर, बोट ठेवतात. मग मी कोणाचे ऐकू, असे तू विचारतेस. आणि माझे उत्तर येण्याची वाटही न पाहता बाराव्या पानावर लिहून मोकळी होतेस की, ‘१९२९ची महामंदी अनेक घटकांच्या परस्परक्रियेतून उद्भवली.’ या वाक्याखाली मी लाल रेघ मारली आहे. वाक्य चुकीचे नाही. त्याने कोणालाच तोशीस लागत नाही, एवढाच त्याचा गुन्हा आहे.

तुझ्या चाळीस पानांत बँका बुडाल्या आहेत, भाव कोसळले आहेत, नोकऱ्या गेल्या आहेत. व्याकरण म्हणेल की ‘बँका’ हाच कर्ता. व्याकरणाला तेवढे पुरते. आपल्याला पुरू नये. बुडू कोणी दिल्या, हे त्या वाक्यात आले पाहिजे.

न्यूयॉर्कची ‘बँक ऑफ युनायटेड स्टेट्स’ ११ डिसेंबर १९३० रोजी बंद झाली, हे तू एका ओळीत उरकले आहेस. नाव सरकारी वाटले तरी ही खासगी बँक होती, तिच्या सुमारे चार लाख ठेवीदारांत कपडे शिवण्याच्या धंद्यातले ज्यू स्थलांतरित मोठ्या संख्येने होते, आणि तिला दुसऱ्या बँकांत विलीन करून वाचवण्याची योजना शहरातल्या बड्या बँकवाल्यांपुढे आली असता त्यांनी तिला नकार दिला. बँकेचा कारभार धड नव्हता, हेही खरे. पण त्या रात्री बैठकीत माणसे बसली होती आणि त्यांनी निर्णय घेतला. ब्रिटनने २१ सप्टेंबर १९३१ रोजी सुवर्णप्रमाण सोडल्यावर अमेरिकेतून सोने बाहेर जाऊ लागले, तेव्हा न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने ते रोखायला ऑक्टोबरमध्ये आठवडाभरातच व्याजदर दीड टक्क्यावरून साडेतीन टक्क्यांवर नेला, म्हणजे अडचणीतल्या बँकांना कर्ज महाग केले. त्याच महिन्यात देशात पाचशेहून अधिक बँकांनी दारे बंद केली. आयातकर वाढवणाऱ्या स्मूट-हॉली कायद्यावर सही करू नका, अशी विनंती १,०२८ अर्थतज्ज्ञांनी केली होती. अध्यक्ष हूव्हर यांनी जून १९३० मध्ये सही केली. जर्मनीत चॅन्सेलर ब्रुनिंग यांनी वटहुकमांनी पगार आणि भत्ते कापले, आणि १९३२च्या आरंभी तिथे नोंदलेले बेकार साठ लाखांवर गेले.

कर्ता शोधणे म्हणजे खलनायक शोधणे नव्हे. एवढी समज तुला आहे, म्हणून त्यावर शाई घालवत नाही. यांतले बरेच जण प्रामाणिक होते, आणि सोन्याशी इमान राखणे हेच कर्तव्य, असे त्यांना शिकवले गेले होते. त्यांच्या प्रामाणिकपणाची नोंद अवश्य कर, पण ती त्यांचे नाव लिहून कर. म्हणजे तुझे तिन्ही मार्गदर्शक एकाच टेबलाभोवती बसलेल्या माणसांविषयी बोलत आहेत, हेही तुझ्या ध्यानात येईल.

मी हे इतक्या हट्टाने का सांगतो, तेही सांगून टाकतो. सत्तावीस वर्षे मी हा भाग वर्गात शिकवला, म्हणजे खरे तर टिपण उतरवून दिले : कारणे सहा, परिणाम पाच, उपाय चार. १९८३ साली मुंबईच्या आमच्या वर्गात गिरणगावातला एक मुलगा होता. आदल्या वर्षी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर त्याच्या वडिलांना कामावर परत घेतलेले नव्हते. टिपण उतरवता उतरवता त्याने हात वर केला आणि विचारले, “सर, नोकऱ्या गेल्या म्हणजे कुठे गेल्या? घालवल्या कोणी?” मुले हसली. मी म्हणालो, हे परीक्षेत विचारत नाहीत, पुढचा मुद्दा घ्या. दिवाळीनंतर तो वर्गात दिसला नाही. त्या वर्गात एकशे वीस मुले होती, अभ्यासक्रम वेळेत संपवायचा होता, आणि नेमक्या मुद्द्यांची उत्तरे लिहिणाऱ्यालाच गुण मिळत, असे मी त्यानंतर अनेकदा स्वतःला सांगितले आहे. आजही सांगतो, कारण ते अगदीच खोटे नाही.

त्यातही मला ते कळायला हवे होते. माझे आजोबा वऱ्हाडात कापूस पिकवत. १९३२ साली आजीच्या पाटल्या मोडल्या, आणि आमच्या घरात मात्र कायम ‘पाटल्या गेल्या’ असेच म्हणत, जणू त्या आपल्या पायांनी चालत गेल्या. १९२९ नंतरच्या चार वर्षांत हिंदुस्थानात शेतमालाचे भाव जवळपास निम्म्यावर आले, पण शेतसारा रोखीत आणि बहुतांशी जुन्याच दराने भरायचा होता, सावकाराचे देणेही तेवढेच होते. रुपयाची किंमत अठरा ब्रिटिश पेन्सांवर बांधू नका, तो चढा दर शेतमालाचे भाव पाडून शेतकऱ्याला मारक ठरेल, असे मुंबईचे व्यापारी पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी १९२६च्या चलन आयोगात भिन्नमत नोंदवून सांगितले होते. सरकारने १९२७ मध्ये तोच दर कायद्याने ठरवला आणि १९३१ साली पौंड सोन्यापासून सुटल्यावरही लंडनने रुपयाला त्याच दराने पौंडाशी जखडून ठेवले. त्यानंतर खेड्यापाड्यांतले सोने मुंबई बंदरातून लंडनकडे वाहू लागले. सोन्याचा भाव चढला म्हणून लोकांनी नफा गाठला, असे म्हणणारेही आहेत. गाठला असेल काहींनी. आमच्या पाटल्या शेतसाऱ्याच्या हप्त्यासाठी मोडल्या, आणि तो हप्ता ठरवणारा कोणी तरी होता.

परिणामांच्या प्रकरणात तू नुसती कोष्टके दिली आहेस. अमेरिकेत १९३३ साली दर चार कामकऱ्यांत एक बेकार होता, हे दे. पण तिथेच थांबू नकोस. व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल या गावातली कापडगिरणी मंदीत बंद झाली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी १९३१-३२ मध्ये तिथे पाहणी केली. वेळच वेळ असूनही ग्रंथालयातून जाणारी पुस्तके जवळपास निम्मी झाली होती. खिडकीआड बसून त्यांनी रस्त्यावरच्या माणसांची चाल मोजली. पुरुष संथ चालत आणि पुन्हा पुन्हा थांबत, बायकांना मात्र घरकामापायी थांबायला फुरसत नव्हती. शाळेतल्या मुलांना नाताळची इच्छा लिहायला सांगितली, तर त्यांनी मागितलेल्या वस्तूंची किंमत आसपासच्या गावांतल्या मुलांच्या मानाने एक तृतीयांश भरली, आणि ती मागणीही बहुधा संकेतार्थात होती : आईबाबांकडे पैसे असते, तर मला अमुक हवे होते. मुलांना व्याकरण पक्के ठाऊक होते.

आणि निर्णयांनी झालेले निर्णयांनी थांबतेही, हे लिहायला विसरू नकोस. अमेरिकेत १९३३ साली सुमारे चार हजार बँका बंद पडल्या. १ जानेवारी १९३४ पासून ठेवींचा विमा लागू झाला आणि त्या वर्षी विमा उतरवलेल्या बँकांपैकी नऊ बुडाल्या. आपल्याकडे ही सुधारणा यायला केरळची पलाई सेंट्रल आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक १९६० मध्ये बुडावी लागली. १९६२ पासून ठेवींना विमा मिळाला, तोही आरंभी दीड हजार रुपयांपुरता. ते दीड हजारही कोणी तरी ठरवले होते, हे तुला आता सांगायला नको.

विषय बदलण्याचा विचार तू चिठ्ठीच्या शेवटी बारीक अक्षरांत लिहिला आहेस. तो मी वाचलेला नाही असे समज. बारावे पान आणि कोष्टकांची पाने पुन्हा लिही, आणि कृपा करून छापील प्रत पाठव, कारण पडद्यावर माझी लाल शाई चालत नाही. त्या गिरणगावातल्या मुलाचे आडनाव मला आठवते, नाव आठवत नाही. जुनी हजेरीपत्रके महाविद्यालयात अजून ठेवली असतील, तर तू मुंबईला जाशील तेव्हा तेवढे पाहून ये.

तुझा,
सर