‘अचानक’ म्हणण्याआधी

गुन्हा आणि मन : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

सामूहिक हत्याकांडांवरचा मागचा लेख छापून आल्यावर बरीच पत्रं आली. त्यांतली तीन इथे घेते आहे. तिसऱ्या पत्राला तातडीनं टपालानं उत्तर पाठवलं आहे, पण पत्रलेखिकेच्या परवानगीनं ते इथेही देते, कारण तो प्रश्न फक्त त्यांचा नाही.

प्रश्न : मॅडम, मी गुन्हेगारी मानसशास्त्राचा विद्यार्थी आहे. सीरियल किलर, स्प्री किलर आणि मास मर्डरर यांच्या व्याख्या पाठ आहेत, पण प्रत्यक्ष केस समोर आली की गोंधळ उडतो. अमेरिकेतला खुनी अँड्र्यू कुनॅनन एका पुस्तकात स्प्री किलर म्हणून येतो, दुसऱ्यात सीरियल किलर म्हणून. परीक्षेत काय लिहू? आणि स्वतः काय मानू?

उत्तर : परीक्षेचं आधी उरकून टाकू. एकाच घटनेत, साधारण एकाच जागी चार किंवा जास्त माणसं मारली तर मास मर्डर. दोन किंवा जास्त ठिकाणी मारली, पण मध्ये मन थंडावलंच नाही, तर स्प्री. वेगवेगळ्या घटना आणि प्रत्येकीनंतर ‘कूलिंग-ऑफ’चा काळ, तर सीरियल. १९९२ साली एफबीआयच्या जुन्या तपासनिसांनी मिळून गुन्ह्यांच्या वर्गीकरणाची जी पुस्तिका काढली, तिच्यातून ही मांडणी सगळीकडे पसरली. एवढं लिहिलंत की गुण मिळतील.

आता मानायचं काय? कुनॅननच्या तारखा बघा. १९९७च्या एप्रिलअखेरीपासून ९ मेपर्यंत चार खून, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पळत. मग दोन महिने मायामीत मुक्काम, आणि १५ जुलैला फॅशन डिझायनर जियानी व्हर्साचीचा खून. ते दोन महिने ‘थंडावण्याचे’ की लपण्याचे? थंडावण्याचे म्हटलं तर तो सीरियल, लपण्याचे म्हटलं तर स्प्री. आठवडाभरानं पोलिसांनी वेढलेल्या हाउसबोटीत त्यानं स्वतःला संपवलं, त्यामुळे विचारायलाही कुणी उरलं नाही. तुमच्या दोन पुस्तकांचं भांडण आहे ते या साठ-पासष्ट दिवसांवरून. दोघांनाही तारखा माहीत आहेत, त्या दिवसांत त्याच्या डोक्यात काय चाललं होतं हे दोघांनाही माहीत नाही.

खरी अडचण इथेच आहे. ‘कूलिंग-ऑफ’ हे मनाबद्दलचं विधान आहे आणि आपण ते कॅलेंडरवरून करतो. किती दिवस गेले म्हणजे माणूस थंडावला? २००५ साली अमेरिकेत सॅन अँटोनियोला एफबीआयनं या विषयातल्या जाणकारांची मोठी परिषद भरवली, तेव्हा यावर एकमत होईना. शेवटी सीरियल मर्डरची व्याख्या सुटसुटीत झाली : त्याच गुन्हेगारानं वेगवेगळ्या घटनांत केलेले दोन किंवा जास्त खून. आणि ‘स्प्री’ हा कप्पा तपासाच्या कामी येत नाही, असं तिथे स्पष्ट म्हटलं गेलं. त्याआधी १९९८च्या अमेरिकी कायद्यात हाच आकडा तीन होता. मास मर्डरचंही तसंच. चार बळींची जुनी अट असताना २०१३च्या सुरुवातीला लागू झालेल्या कायद्यानं ‘मास किलिंग’साठी तीन पुरेसे धरले. म्हणजे तीन माणसं मेली असतील तर ते सामूहिक हत्याकांड आहे की नाही, हे तुम्ही कुठलं पान उघडता त्यावर ठरतं.

मी शिकवत असे तेव्हा दोन केसेस शेजारी-शेजारी ठेवायची. पहिली अर्न्स्ट वागनर या जर्मन शाळामास्तराची. सप्टेंबर १९१३च्या सुरुवातीला एका रात्री श्टुटगार्टजवळच्या डेगरलोखमध्ये त्यानं झोपेतल्या बायकोला आणि चार मुलांना मारलं. मग तो म्यूलहाउझेन या खेड्यात गेला. बारा वर्षांपूर्वी तिथे त्यानं मास्तरकी केली होती. रात्री त्यानं गावाला जागोजागी आग लावली आणि बाहेर पडणाऱ्यांवर पिस्तुलं चालवली. तिथे नऊजण गेले. का? तिथे असताना हातून घडलेलं एक लैंगिक दुष्कृत्य गावाला कळलं आहे आणि पुरुष मंडळी आपल्याला हसतात, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. तपासात निघालं ते असं, की गावात कुणाला काहीच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं तो जे हसणं ऐकत होता ते कुणी हसलंच नव्हतं. बायकोमुलांबद्दल मात्र त्याला राग नव्हता. आपल्यामागे त्यांनी जगू नये, अशी त्याची ‘दया’ होती. रॉबर्ट गाउप या मनोविकारतज्ज्ञानं त्याला तपासलं, खटला चालला नाही, आणि १९३८मध्ये मरेपर्यंत तो मनोरुग्णालयात राहिला. गाउप त्याला त्या काळात भेटत राहिले. इतक्या जवळून अभ्यासलेला सामूहिक खुनी दुसरा क्वचितच सापडेल.

दुसरी केस अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या चार्ल्स व्हिटमनची. १ ऑगस्ट १९६६. मध्यरात्री आईच्या घरी जाऊन आईचा खून, मग स्वतःच्या घरी बायकोचा, आणि दुपारी विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून गोळीबार.

दोन्हींत घर वेगळं, नंतरची जागा वेगळी, मध्ये काही तास. पुस्तकी व्याख्या काटेकोर लावली तर दोघेही स्प्री किलर. तरी कुठलंही पुस्तक उघडा, व्हिटमन मास मर्डररच्या प्रकरणात असतो. मला वाटतं ते बरोबरच आहे, पण त्यामागचं कारण व्याख्येत लिहिलेलं नाही. दोघांचाही बेत एकच होता आणि त्याला शेवट होता. घर हा त्या बेताचा पहिला भाग. याउलट चार्ल्स स्टार्कवेदर. एकोणीस वर्षांचा पोरगा. डिसेंबर १९५७मध्ये पेट्रोल पंपावर एक खून, आणि जानेवारी १९५८मध्ये चौदा वर्षांच्या मैत्रिणीला घेऊन नेब्रास्का आणि वायोमिंगमध्ये आणखी दहा. त्याच्या डोक्यात असा बेत दिसत नाही. गाडी हवी म्हणून खून, लपायला घर हवं म्हणून खून, पाठलाग सुरू झाला म्हणून पुढचा. एक गुन्हा निस्तरायला दुसरा. स्प्री हा कप्पा मला पटतो तो इथे. मृतांचा आकडा बाजूला ठेवा, ठिकाणांची संख्याही ठेवा, आणि विचारा : पहिला खून करताना शेवटचा त्याच्या डोक्यात होता का? मी केस अशी वाचते.

मास मर्डररच्या आतले पोटप्रकार अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ पार्क डाएट्झ यांनी १९८६मध्ये मांडले : कुटुंबच संपवणारा, शस्त्रांच्या वेडानं स्वतःला सैनिक समजणारा, आणि बॉम्ब किंवा विष ठेवून निघून जाणारा. अजूनही कामाची मांडणी आहे. मात्र वागनर पहिल्या दोन्ही प्रकारांत बसतो, हे लक्षात ठेवा.

प्रश्न : बातम्यांत नेहमी ‘शांत स्वभावाच्या तरुणाचं अचानक डोकं फिरलं’ असं वाचते. साधा माणूस एका क्षणात असा होऊ शकतो? व्हिटमनच्या मेंदूत गाठ निघाली होती म्हणतात. मग दोष कुणाचा? — एक गृहिणी

उत्तर : बाई, ‘अचानक’ या वर्णनावर माझा फार राग आहे. रागाच्या भरात खून होतात, पुष्कळ होतात. घरात, दारूच्या बैठकीत, बांधावरून. तिथे श्वास फुललेला असतो, हाताला लागेल ती वस्तू उचललेली असते. पण अनेक अनोळखी माणसांना ओळीनं मारणं ही त्या जातीची हिंसा नाही. तिला तयारी लागते. तुरुंगात मुलाखती घेताना मी ऐकायची, ‘डोकं फिरलं हो मॅडम.’ मी म्हणायची, बरं, सुऱ्याला धार कधी लावली? थोड्या वेळानं उत्तर यायचं, ‘आदल्या आठवड्यात.’

व्हिटमननं मनोऱ्यावर काय नेलं ते पाहा. हातगाडीवर एक लष्करी पेटी. तीत बंदुका आणि काडतुसं तर होतीच, शिवाय डबाबंद खाणं, पाणी, ट्रान्झिस्टर, टॉयलेट पेपर आणि अंगाला लावायचा डिओडरंट. डिओडरंट बरोबर घेणाऱ्या माणसाचं डोकं त्या क्षणी फिरलेलं नसतं. त्याला तिथे बराच वेळ राहायचं होतं. आणखी एक. त्याच वर्षी मार्चमध्ये तो विद्यापीठाच्या मनोविकारतज्ज्ञाकडे गेला होता आणि मनोऱ्यावर बंदूक घेऊन जाऊन लोकांना टिपण्याचे विचार येतात, असं त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. पुन्हा यायला सांगितलं, तो गेला नाही.

गाठीचं म्हणाल तर ती खरोखर निघाली. आपल्या मेंदूची तपासणी करावी, असं त्यानं आदल्या दिवशी लिहिलेल्या चिठ्ठीत मागितलंही होतं. चौकशी आयोगानं सावध मत दिलं : गाठीचा हातभार लागला असू शकतो, पण तिनंच हे घडवलं असं सांगता येत नाही. मी त्याच्यापुढे जाणार नाही. तशी गाठ असलेली असंख्य माणसं कुणाला चापटही मारत नाहीत.

मनोविकाराबद्दलही तेच. अमेरिकेत २०००पासून २०१३पर्यंत असे हल्ले करणाऱ्या ६३ जणांचा अभ्यास एफबीआयनं २०१८मध्ये प्रसिद्ध केला. हल्ल्याआधी मनोविकाराचं निदान झालेले होते त्यांतले चौथा हिस्सा. पण आठवडाभर किंवा जास्त काळ बेत आखणारे होते तीन चतुर्थांशांहून अधिक. वागनरला भ्रम होता, हे खरं. नॉर्वेत २०११च्या जुलैत एका दुपारी ७७ जणांना मारणाऱ्याच्या बाबतीत पहिल्या तज्ज्ञ-जोडीनं स्किझोफ्रेनिया म्हटलं, दुसऱ्या जोडीनं नाही म्हटलं, आणि न्यायालयानं त्याला शुद्धीवरचा ठरवून शिक्षा दिली. त्याचं नाव मी देत नाही. नावासाठीच ज्यांनी मारलं आणि जे अजून हयात आहेत, त्यांची नावं या सदरात येणार नाहीत. २०१९मध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींतल्या ५१ बळींनंतर न्यूझीलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनी संसदेत मारेकऱ्याचं नाव घ्यायला नकार दिला होता. तो मला मनापासून पटतो, कारण पुढचा मारेकरी मागच्याच्या बातम्या वाचत बसलेला असतो.

मग आत काय असतं? बहुतेक वेळा एक जुनी तक्रार. नोकरी गेली, नकार मिळाला, अपमान झाला. तो खराही असतो, कधी वागनरसारखा मनाचा खेळही. सगळ्यांच्या वाट्याला येतात असे घाव. यांचं वेगळेपण असं की हे त्या घावांची वही ठेवतात. प्रत्येक नवा अपमान तीत चढतो, आणि एका टप्प्यावर ‘अमुक माणसानं मला दुखावलं’ याचं ‘सगळ्यांनीच’ होतं. त्या ‘सगळ्यां’त मग शाळेतली मुलं येतात, बाजारातल्या बायका येतात, ज्यांनी त्याला उभ्या जन्मात पाहिलेलं नसतं. जगण्याची इच्छा बरेचदा आधीच विझलेली असते. दोष कुणाचा, हे तुम्ही विचारलंत. दोष मारणाऱ्याचाच. घावांचा इतिहास समजून घेणं म्हणजे त्याला माफ करणं नव्हे.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिकवते. नववीतल्या एका मुलाच्या वहीत मागच्या पानांवर वर्गातल्या तिघांची नावं, ‘यांना दाखवतो’ असं वाक्य आणि परदेशातल्या एका शाळेतल्या गोळीबाराची चित्रं सापडली. मुख्याध्यापक म्हणतात, पोरखेळ आहे, किंवा मग काढून टाकू. मला झोप नाही. तो अशा मुलांच्या साच्यात बसतो का?

उत्तर : ताई, साचा नाही. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसनं २००२मध्ये शाळांतल्या ३७ हल्ल्यांचा आणि ४१ हल्लेखोर मुलांचा अभ्यास केला तेव्हा उपयोगी पडेल असं एकही ठरावीक चित्र निघालं नाही. एकलकोंडी मुलं होती, मित्रांच्या घोळक्यातलीही होती. हुशार होती, नापास होणारीही. म्हणून ‘तो तसा दिसतो का’ हे सोडा आणि ‘तो काय करतो आहे’ हे बघा.

त्याच अभ्यासातली एक गोष्ट मी तुमच्यासारख्यांना आवर्जून सांगते. दहापैकी आठ घटनांत कुणा एकाला तरी बेताची आधी कुणकुण होती, आणि ते बहुतेक वेळा बरोबरीचं पोर होतं. मोठ्यांपर्यंत ते पोचलं नाही. तपासनीस याला ‘लीकेज’ म्हणतात. बेत आतून पाझरतो. निबंधात, चित्रात, मित्राला केलेल्या ‘सोमवारी शाळेत येऊ नकोस’ अशा मेसेजमध्ये. तुमच्या हाती आलेली पानं कदाचित नुसती चीड असतील. बहुतेक वेळा तसंच असतं. पण ते गृहीत धरायचं नाही, विचारून घ्यायचं.

धमकी किती पिकलेली आहे ते तपशिलावरून कळतं. ‘दाखवतो’ हे मोघम आहे. तारीख, जागा, हत्यार, कोण कुठे बसतं याचा नकाशा, यांतलं काही त्या पानांवर आहे का? घरात हत्यार आहे का? त्या तिघांनी त्याला काय केलं, हे आजवर कुणी विचारलं का? हा शेवटचा प्रश्न त्याला एकट्याला, शांतपणे विचारायचा, आणि त्या मुलांना समोर उभं करायचं नाही. आणि आणखी एक थेट विचारा : जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का? त्या ४१ मुलांत तीन चतुर्थांशांहून अधिक जणांना आधी आत्महत्येचे विचार आले होते किंवा त्यांनी तसा प्रयत्न केला होता. विचारल्यानं ते विचार डोक्यात घुसत नाहीत, ही भीती सोडा.

‘काढून टाकू’ याला माझा ठाम विरोध आहे. काढलेला मुलगा दिसेनासा होतो, रागासकट. त्याच्यावर नजर ठेवणारी, त्याच्याशी बोलणारी माणसं एका दिवसात कमी होतात आणि तक्रारीच्या वहीत एक मोठी नोंद वाढते. ‘पोरखेळ’ म्हणून झटकणंही तितकंच चूक. तुम्ही, समुपदेशक, पालक आणि मुख्याध्यापक यांनी एकत्र बसा, आणि कोण काय बघणार ते कागदावर लिहून ठरवा. तपशिलातली कुठलीही गोष्ट सापडली, विशेषतः हत्यार हाताशी असलं, तर त्याच दिवशी पोलिसांना कळवा. तिथे थांबू नका. त्या तिघांच्या घरीही कळायला हवं.

वही आत्ता कुणाकडे आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्याच्याकडे परत गेली असेल तर तुमच्या आठवणीतलं सगळं आजच लिहून ठेवा, तारखेसह. तुमच्याकडे असेल तर सगळ्या पानांचे फोटो काढा, पुढच्या अभ्यासाच्या पानांचेही, आणि मग समुपदेशकाला नेऊन दाखवा.