झणझणीत व्हेगन सॉसेज: निघण्याआधी एकदा करून बघा

तुम्ही विचारलंय, दोन महिन्यांनी परदेशी जाताय, स्वयंपाकघर चौघांत मिळून आहे, ओव्हनचा भरवसा नाही; मग तिखट व्हेगन (प्राण्यांपासून आलेलं काहीच नसलेले) सॉसेज तिथे विकत घ्यावेत की शिकून जावं? मी सहा वर्षं बाहेर राहतोय. शिकूनच जा. विकतचे मिळतात, पण पाकिटावरच्या ‘स्पायसी’ या शब्दावर फार भिस्त ठेवू नका. शिवाय पाकीट उलटून वाचावं लागतं. ‘व्हेजिटेरियन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सॉसेजमध्ये कधीकधी अंड्यातला पांढरा भाग असतो. आवरण कोलॅजनचं असेल तर तेही प्राण्याचंच. अल्जिनेटचं मात्र समुद्री शेवाळापासून बनतं, ते चालतं.

घरी आवरणच लागत नाही. सॉसेज भरायचं यंत्रही नाही, ओव्हनही नाही. मिक्सर, एक पातेलं, त्यावर बसणारी चाळणी, झाकण, बेकिंग पेपर आणि फॉइल एवढ्यावर भागतं.

चार सॉसेजना 150 ग्रॅम व्हायटल व्हीट ग्लुटेन (गव्हातल्या प्रथिनाची पूड), साधारण 100 ग्रॅम शिजवलेला पांढरा राजमा, 200 मिली पाणी, दोन मोठे चमचे सोया सॉस आणि तेवढंच तेल. तिखटाची खरी गोम तेलात आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून लसूण, जाडसर कुटलेली बडीशेप आणि शेवटी लाल तिखट मंद आचेवर तेलात परतायचं, तिखट जेमतेम अर्धा मिनिट. आच मोठी ठेवलीत तर ठसक्याने सगळं घर खोकेल आणि धुराचा अलार्म वाजेल. माझा पहिल्याच आठवड्यात वाजला. घरातले तिघे पायजम्यातच रस्त्यावर.

हे तेल, राजमा, पाणी, सोया सॉस, मीठ आणि स्मोक्ड पाप्रिका (धुरावलेल्या लाल मिरचीची पूड) मिक्सरमधून काढा. चव घ्यायची ती इथेच. मिश्रण थोडं जास्तच खारट आणि जिभेला झोंबणारं हवं, कारण ग्लुटेन पडलं की सगळं सौम्य होतं. मग ग्लुटेन घालून फक्त एकजीव होईपर्यंत मळा, मिनिटभर पुरे. मी हौसेने दहा मिनिटं मळलं होतं. जे तयार झालं ते चावताना दात परत वर उसळत होते.

चार भाग करा, प्रत्येकाची वळकटी करून आधी बेकिंग पेपरमध्ये आणि वरून फॉइलमध्ये गुंडाळा. दोन्ही टोकं चॉकलेटच्या कागदासारखी पिळा, घट्ट. वाफेत ते फुगतात. फॉइल सैल असेल तर आत स्पंज होतो. 40 मिनिटं वाफवा, मध्ये पाणी संपत नाही ना ते बघा.

चाळणीतून काढल्या काढल्या खाऊ नका. मऊ, काहीसे ओलसर लागतात आणि वाटतं, फसलं. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवले की घट्ट होतात, मग थोड्या तेलात चारी बाजूंनी लालसर भाजायचे. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस टिकतात, फ्रीझरमध्ये दोन महिने सहज.

घरात कुणाला सीलिअॅक (ग्लुटेन न चालणारा आजार) आहे का, ते पहिल्याच दिवशी विचारा. ही पूड हवेत उडते आणि ओट्यावर बसते. आणि ग्लुटेन सामानात भरून नेऊ नका. बिनलेबलच्या पिशवीतली पांढरी पूड काय आहे, हे विमानतळावर समजावत बसायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.