‘चीरफाड नाही’ म्हटलं तरी सही भावाचीच लागते

प्रश्न : माहा लहान भाऊ २९ वर्षांचा आहे. दहा-अकरा वर्षांपासून ओसीडी, म्हणजे तेच ते विचार येऊन तीच गोष्ट परत परत करायचा आजार. हात धुऊन धुऊन साल निघते. गोळ्या झाल्या, थेरपी झाली. आता शहरातल्या एका खासगी दवाखान्यात सांगतलं, का ध्वनिलहरींनी मेंदूतला भाग जाळता येते, चीरफाड नाही, नातेवाइकानं सही केली का झालं. फॉर्म इंग्रजीत आहे. भाऊ नाही म्हणते. या खर्चासाठी बाबांनी दोन एकर वावराचा इसार घेतला; सातबाऱ्यावर भावाचंही नाव आहे. मी सही करू का? (घाटंजी तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : भाऊ, सही करू नका. केलीत तरी कायद्याच्या लेखी तिला किंमत नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम ९६ अगदी छोटं आहे. मानसिक आजारासाठी सायकोसर्जरी, म्हणजे मेंदूवरची शस्त्रक्रिया, करायची तर ज्याच्यावर ती होणार त्याची स्वतःची संमती लागते आणि याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची मंजुरीही लागते. वडिलांची किंवा थोरल्या भावाची सही चालेल असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

कवटी उघडतच नाही तर सर्जरी कसली, असं दवाखाना म्हणेल. हा मुद्दा हलका नाही, कारण कायद्यात सायकोसर्जरीची व्याख्याच दिलेली नाही. म्हणून यंत्र काय करतं ते बघा. डोक्यावर टोपासारखं उपकरण बसवतात. त्यातल्या हजारेक ध्वनिस्रोतांच्या लहरी एमआरआयमध्ये बघत बघत एका ठिपक्यावर आणतात. तिथलं तापमान ५५-६० अंशांपर्यंत जातं आणि तेवढ्या पेशी मरतात. कातडीवर ओरखडा नाही, पण आत कायमची जखम. आजारी मनासाठी मेंदूचा भाग कायमचा नष्ट करणं ही माझ्या मते सायकोसर्जरीच, मग सुरी वापरा की लहरी.

उपचार खोटा आहे असं मी म्हणत नाही. हातांच्या थरथरीच्या एका आजारासाठी अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि उपकरणांना परवानगी देणारी सरकारी संस्था) २०१६ मध्ये त्याला मान्यता दिली. ओसीडीसाठी मात्र दक्षिण कोरिया आणि कॅनडात मोजक्या रुग्णांवर अभ्यास झाले आहेत. म्हणून दवाखान्याला लेखी विचारा, हा उपचार आहे की संशोधन? संशोधन असेल तर नैतिकता समितीची मंजुरी आणि सीटीआरआय (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा, आणि मग पैसे कशाचे घेता, हेही.

आता तुमच्या भावाचा ‘नाही’. घरच्यांना एखादा निर्णय चुकीचा वाटतो म्हणून माणसाला समजच नाही असं ठरत नाही. कलम ४ हेच सांगतं. अकरा वर्षं हात धुणाऱ्याला आपण काय नाकारतोय हे कळू शकतं. त्याला धोके, फायदे आणि दुसरे पर्याय त्याच्या भाषेत, त्याला समजतील असे सांगायला हवेत. इंग्रजी फॉर्मवर घेतलेली सही ही संमती नव्हे. उद्या तो स्वतःहून ‘हो’ म्हणाला, तरी मंडळाची मंजुरी आधी.

वावराचंही तेच. मानसिक आजार आहे एवढ्यावरून कुणी वेडसर ठरत नाही, तसं कोर्टालाच ठरवावं लागतं. त्याच्या हिश्शाच्या खरेदीखतावर त्याच्या जागी तुम्ही सही करू शकत नाही. वावर वडिलोपार्जित असेल तर कुटुंबाच्या गरजेसाठी वडिलांना ते विकता येतं, असा युक्तिवाद होईल. पण ज्या ऑपरेशनला ना रुग्णाची संमती ना मंडळाची मंजुरी, ती गरज कोर्टात सिद्ध करणं फार अवघड जाईल. दोन एकर जातील आणि भावाशी दावा लढावा लागेल. घरातल्या घरात तो होऊ देऊ नका.

यवतमाळच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात भावाला सोबत घेऊन जा. त्याला तिथे मोफत वकील मिळतो. हक्कभंगाचा अर्ज मंडळाकडे करायला फी नाही, आणि मंडळाचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत उच्च न्यायालयात, म्हणजे आपल्याला नागपूर खंडपीठात, जाता येतं.

बाबांना सांगा, इसाराची पुढची रक्कम घेऊ नका आणि खरेदीसाठी निबंधक कार्यालयात जाऊ नका. इसारपावतीच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स मला पाठवा. त्यावर खरेदीची तारीख काय लिहिली आहे आणि सौदा मोडल्यास काय ठरलं आहे, हे पाहून, वावर विकत घेणाऱ्याला द्यायची नोटीस मी लिहून देतो.