बाणाचं विष लागलं की शरीरात नक्की काय होतं?

प्रश्न: डॉक्टर, अ‍ॅमेझॉनच्या जंगलातले शिकारी फुंकनळीतून विषारी बाण मारतात ते एका डॉक्युमेंटरीत बघितलं. माकड झाडावरून पडलं, हलेना, पण त्याचं हृदय अजून चालू आहे असं निवेदक म्हणाला. मग हे विष करतं तरी काय, मेंदू बंद पाडतं का? आणि त्या प्राण्याला काही कळत असेल का?

उत्तर: मेंदूला ते हातही लावत नाही, आणि खरी भीती तिथेच आहे. याला क्युरारे म्हणतात, जंगलातल्या काही वेलींपासून करतात. आपण हात हलवायचं ठरवलं की मज्जातंतूच्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, ते स्नायूवरच्या रिसेप्टरवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागेवर, जाऊन बसतं आणि स्नायू आखडतो. क्युरारे त्याच रिसेप्टरवर आधी जाऊन जागा अडवतं आणि नुसतं बसून राहतं. म्हणजे मेंदूचा हुकूम सुटतोय, मज्जातंतू तो पोचवतोय, स्नायूही धडधाकट आहे, फक्त शेवटच्या टप्प्यावर निरोप पोचत नाही. हृदयाचा ठोका हृदयातच तयार होतो, त्याला असा हुकूम लागत नाही, म्हणून ते चालू राहतं.

सगळे स्नायू एकदम जात नाहीत. आधी पापण्या जड होतात, एकाचं दोन दिसायला लागतं, मग चेहरा, जबडा, घसा, मान सावरेनाशी होते, मग हातपाय, मग पोट आणि बरगड्यांमधले स्नायू, आणि सगळ्यात शेवटी डायफ्रॅम म्हणजे छाती आणि पोटाच्या मधला श्वासाचा पडदा. उतरताना साधारण उलटा क्रम, श्वास आधी परत येतो. पण तोवर जगायला पाहिजे ना, कारण मरण येतं ते श्वास थांबल्यामुळे, म्हणजे विषाने मेला म्हणण्यापेक्षा गुदमरून मेला म्हणणं जास्त बरोबर.

याचा पुरावा 1814 सालचा आहे आणि मला तो फार आवडतो. चार्ल्स वॉटरटन नावाच्या इंग्रज प्रवाशासमोर एका गाढविणीला हे विष टोचलं, दहाएक मिनिटांत ती मेल्यासारखी पडली, तेव्हा तिच्या श्वासनळीला छेद देऊन भात्याने हवा भरत राहिले, मधे थांबवलं तर ती पुन्हा कोसळली, म्हणून एकूण चारेक तास, विष उतरेपर्यंत. गाढवीण उठली आणि पुढे कितीतरी वर्षं मजेत जगली! आजच्यासारखं व्हेंटिलेटर यंत्र नव्हतं तेव्हा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, कळतं का. हो, सगळं कळतं. क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात बेडकाच्या एका पायाचा रक्तपुरवठा दोरा बांधून तोडला आणि मग विष दिलं, म्हणजे त्या पायात विष पोचलंच नाही. बाकी बेडूक लुळा, पण लुळ्या पडलेल्या भागाला चिमटा काढला की तो वाचलेला पाय झटका द्यायचा. म्हणजे चिमटा आत पोचत होता, उत्तर द्यायला स्नायू नव्हते एवढंच. तरीही 1940 नंतर काही डॉक्टरांना वाटत होतं की क्युरारेने थोडीफार शुद्धही हरपते. शेवटी स्कॉट स्मिथ या अमेरिकन भूलतज्ज्ञाने स्वतःलाच टोचून घेतलं, सहकारी कृत्रिम श्वास देत होते, आणि हा माणूस बोट हलवता येत नव्हतं तरी पूर्ण शुद्धीत होता, आजूबाजूला काय चाललंय ते नंतर त्याने सांगितलं. 1947 साली ते छापून आलं. असले प्रयोग कोणी करू नयेत पण वाद मिटला हे खरं.

प्रश्न: मग ते मांस खाणाऱ्यांना विषबाधा कशी होत नाही? आणि सॉक्रेटिसला दिलं ते हेच विष का?

उत्तर: क्युरारेच्या रेणूवर विद्युतभार असतो, त्यामुळे तो आतड्याच्या अस्तरातून रक्तात जवळपास जातच नाही, रक्तात थेट घुसला तरच घात. मेंदूत शिरत नाही तेही याच कारणाने. सॉक्रेटिसचं हेमलॉक वेगळं झाड, त्यातलं कोनीन पोटातून सहज शोषलं जातं. रिसेप्टर साधारण तेच, पण सॉक्रेटिसचा शिष्य प्लेटो याने जे वर्णन केलंय त्यात पाय आधी जड होतात आणि बधिरपणा खालून वर चढत जातो, क्युरारेच्या बरोबर उलट.

प्रश्न: ऑपरेशनच्या वेळी असलंच काही देतात म्हणे, खरं का?

उत्तर: खरंय. 23 जानेवारी 1942 ला मॉन्ट्रियलमध्ये हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी अपेंडिक्सच्या ऑपरेशनमध्ये क्युरारे वापरलं, त्याआधी पोट सैल पडावं म्हणून भूल खूप खोल द्यावी लागायची आणि ती जिवावर बेतायची. मूळ क्युरारे आता वापरत नाहीत, त्याने बीपी पडायचं, त्याच्या जागी अ‍ॅट्राक्युरियम, व्हेक्युरोनियम, रोक्युरोनियम आलीत. पण ही औषधं झोप आणत नाहीत आणि दुखणंही थांबवत नाहीत, म्हणून भूल वेगळी आणि वेदनाशामक वेगळं द्यावंच लागतं. उतरवायला निओस्टिग्मीन देतात, त्याने अ‍ॅसिटिलकोलीन मोडायचं थांबतं, ते साचत जातं आणि औषधाला जागेवरून हुसकावतं. ऑपरेशनसाठी घशात घातलेली श्वासाची नळी काढायच्या आधी मनगटापाशी विजेचे चार हलके झटके देऊन अंगठा चारही वेळा सारख्याच जोराने हलतो का ते बघतात, चौथ्यांदा ढिला पडला तर औषध अजून अंगात आहे, थांबायचं.