तळपायाची आग, एनसीव्ही नॉर्मल: मणक्यातून असू शकते का?

हो, असू शकते, पण सरसकट मणक्यावर ढकलू नका. तुमच्या बाबांच्या दोन्ही तळपायाची आग होते, उपाशीपोटी शुगर बरोबर, एनसीव्ही (नसांतून करंट किती वेगानं जाते ते मोजायची तपासणी) पण नॉर्मल, म्हणून विचारलं तुम्ही. तर एनसीव्हीत फक्त जाड नसा तपासतात, आग न् थंड-गरम समजणाऱ्या बारीक नसा त्यात दिसतच नाही, त्यासाठी घोट्याच्या वरून ३ मिमी चामडी काढून बायोप्सी करावी लागते.

आता मणक्याचं. दोन मणक्यांमधली गादी सरकून नस दबली तर बहुतेक एकाच पायात कमरेपासून खाली कळ येते. मणक्यातली नसांची नळी अरुंद झाली असंन तर दोन्ही पाय चालताना भरून येतात, धुऱ्यावर टेकून बसलं, पुढे वाकलं की बरं वाटते. मज्जारज्जूत पाण्याची पोकळी झाली तर हाताले चटका कळत नाही पण स्पर्श कळते. आणि खरी गंमत अशी का चामडीतल्या या नसांच्या पेशी मणक्याच्या बाजूच्या गाठीत (नसांच्या पेशींचा नेहमीचा पुंजका, आजाराची गाठ नाही) असतात, गादी सहसा या गाठीच्या आतल्या बाजूले दाबते, म्हणून चामडीतल्या नसा शाबूत राहतात; बायोप्सीत त्या कमी निघाल्या तर नुसत्या गादीवर खापर फोडता येत नाही.

एमआरआयच्या आधी बी१२, थायरॉईड न् ग्लुकोज पिऊन दोन तासांची शुगर करा, उपाशीपोटीची कधी कधी फसवते. तोंड-डोळे कोरडे पडत असतील तर तेही डॉक्टरले सांगा. लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली तर मात्र थांबू नका, रात्र असली तरी गाडी करून थेट नागपूरले मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात न्या.