वाचकांचे प्रश्न : कापुस्तिन कसा वाजवावा?

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात निकोलाय कापुस्तिन या इकडे फारशा माहीत नसलेल्या रचनाकारावर तासाभराची मैफल करायची आहे. वाजवणारे तिघे, त्यातले दोघे पियानो परीक्षेच्या आठव्या ग्रेडचे. कॉलेजात एक जुना अपराइट (उभ्या पेटीचा) पियानो आहे आणि एक डिजिटल. रचना कोणत्या घ्याव्यात? आणि जॅझच आहे तर मधे थोडी उपज (आयत्या वेळी सुचेल ते वाजवणं), जोडीला तबला चालेल का?
– एक प्राध्यापिका, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो : नाही चालणार. कापुस्तिनचं (१९३७–२०२०) संगीत कानाला जॅझ वाटतं, पण त्यातली जागा न् जागा लिहिलेली आहे. मॉस्को कॉन्झर्व्हेटरी या संगीत महाविद्यालयात पियानोवादक गोल्डनवायझर यांच्याकडे शिकून ते १९६१ साली बाहेर पडले आणि पुढची अकरा वर्षं ओलेग लुंडस्ट्रेम यांच्या बिग बँडमध्ये (मोठ्या जॅझ वाद्यवृंदात) वाजवत होते. तरी स्वतःला ते जॅझवादक म्हणवत नसत. आपल्याकडे बंदिश ठरलेली आणि विस्तार गायकाचा. इथे विस्तारही कागदावर. देवल क्लब या आपल्या संगीतसंस्थेत कान तयार झालेल्या श्रोत्याला हा फरक निवेदनात दोन वाक्यांत सांगा, नाहीतर तो सगळं ‘सुचेल तसं’ समजून ऐकेल. तबल्याचं म्हणाल, तर बास आणि ड्रम या दोघांचं काम बहुतेक डाव्या हातातच लिहिलेलं असतं. वरून ठेका आला की ते बुजतं.

रचनांमध्ये सुरुवात ओपस (रचनाक्रमांक) २८, म्हणजे ‘जुन्या शैलीतला सुइट’ (नृत्यरचनांची मालिका, १९७७) यानं करा. आलमांद, गाव्हॉत, साराबांद, बुरे, जिग हे सगळे बाखच्या काळातले नृत्यप्रकार, आतले स्वरसंघ (एकदम वाजणारे स्वर, कॉर्ड) मात्र जॅझचे. त्याआधी बाखचं एखादं साराबांद वाजवलं तर समजावून सांगायचं काम अर्धं होतं. मग ओपस ५३ मधले (१९८८) तीन-चार प्रिल्यूड, म्हणजे छोट्या स्वतंत्र रचना. तिसऱ्या विद्यार्थ्याला ओपस १०० ची सोनाटिना (छोटा सोनाटा) द्या. त्यांच्या सोप्या रचनांतली ती एक, सोपी म्हणजे त्यांच्या मानानं. ओपस ४० चे आठ कॉन्सर्ट एट्यूड (मैफलीत वाजवायचे कसरतीचे तुकडे, १९८४) सगळ्यांना खुणावतात, पण ते आठव्या ग्रेडच्या बरेच पुढचे आहेत. फार तर एक घ्या, तयारीला चार-पाच महिने ठेवा.

त्यातही तिसरा, ‘टोकाटिना’, अपराइटवर नकोच. एकच स्वर झपाट्यानं पुन्हा पुन्हा वाजवायचा असतो. ग्रँड (आडव्या, मोठ्या) पियानोत पट्टी अर्धी वर आली तरी हातोडी पुन्हा मारते. अपराइटमध्ये ती जवळजवळ पूर्ण वर यावी लागते, त्यामुळे मधले स्वर गळतात. विद्यार्थ्याला वाटतं आपली बोटं कमी पडली.

अपराइट सभागृहात न्यायचा तर आदल्या दिवशी हलवा आणि ट्यूनिंग कार्यक्रमाच्या सकाळी, जागेवर ठेवल्यावरच करून घ्या. डिजिटल वापरणार असाल तर ८८ वजनदार पट्ट्या हव्यातच. क्रॉस स्टँड (X आकाराचा) टाळा, जोरात वाजवलं की हलतो. स्पीकरमधून घूं असा आवाज आला तर डीआय बॉक्सवरचं (पियानो ध्वनियंत्रणेला जोडणारी डबी) ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून पाहा. वादकाजवळ त्याच्याकडे तोंड केलेला एक स्पीकर (मॉनिटर) ठेवा. सभागृहातला आवाज त्याला उशिरा ऐकू येतो आणि लय मागे ओढली जाते.

प्रश्न : माझा विद्यार्थी बरोबर स्वर वाजवतो, तरी कापुस्तिनच्या रचनांत झोक येत नाही. काय चुकत असावं?
– पियानो शिक्षक, ताराबाई पार्क

उत्तर : बहुधा दोन गोष्टी. पहिली, तो सगळीकडे ‘एट्थ नोट’ (अर्ध्या मात्रेचे स्वर) लंगडवून, म्हणजे एक लांब एक आखूड असे, स्विंग करत असेल. आधी ते समान वाजवायला लावा. झोक आघातांतून येतो, आणि हे आघात मात्रांच्या मधे लिहिलेले असतात. स्वरसंघ समेच्या अर्धी मात्रा आधी येऊन पुढच्या मापात (आवर्तनासारख्या भागात, बारमध्ये) बांधलेला असतो. तबलजीच्या भाषेत अनागत. विद्यार्थी नकळत तो समेवर ढकलतो. मेट्रोनोम निम्म्या वेगावर लावून टिकटिक दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरा, चार-चारनं वेग वाढवा.

दुसरी, पेडल. चालत्या बासवर (डाव्या हातात पावलं टाकत जाणाऱ्या खालच्या स्वरांवर) पाय दाबून ठेवला की सगळा चिखल. पहिले तीन आठवडे पेडलशिवायच. डाव्या हाताला दशमीचं (पहिल्या ते दहाव्या स्वराचं) अंतर पोचत नसेल तर खालचा स्वर किंचित आधी घेऊन वर सरका. वरचा स्वर मात्रेवर पडला पाहिजे.

प्रश्न : नोटेशनच्या झेरॉक्स काढून वाटल्या तर?
– विद्यार्थी, शाहूपुरी

उत्तर : नको. आपल्या कायद्यात कॉपीराइटचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, म्हणजे इथे २०८० अखेरपर्यंत. प्रत्येक वादकासाठी छापील प्रत घ्या. आणि पानं उलटायला माणूस बसवा. वरचा पंखा बंद.