कामाचे पैसे कोणत्या खात्यात घ्यायचे?

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

इंटिरिअरच्या कामाचे पैसे नेहमीच्या बचत खात्यात घेतले तर चालतात का, असं तू विचारलंस. आयकराच्या दृष्टीने चालतात. एकट्याने व्यवसाय करणाऱ्याचा पॅन एकच असतो आणि करंट खातं हवंच, असं आयकर कायदा म्हणत नाही. हरकत घेते ती बँक. बचत खातं धंद्यासाठी वापरू नये अशी अट बँकांच्या नियमांत असते. उलाढाल वाढली की विचारणा होते. महिन्याला दोन-चार बिलं जमा होतात तोवर सहसा निभावतं. पण घरखर्चाच्या खात्यात ते पैसे घेऊ नकोस. स्वतःच्याच नावावर दुसरं खातं उघड आणि क्लायंटला फक्त त्याचाच क्यूआर दे.

बाबांनी पाठवलेले पैसे, मैत्रिणीने फेडलेली उसनवारी आणि तुझी फी, स्टेटमेंटमध्ये सगळं सारखंच दिसतं. दोन वर्षांनी खुलासा मागितला तर कोणती रक्कम कशाची, हे तुलाच दाखवावं लागेल. शिवाय कुणा अनोळखी माणसाकडून आलेले पैसे फसवणुकीचे निघाले तर खातं गोठवलं जाऊ शकतं. त्याच खात्यातून घरभाडं जात असेल तर महिनाच अडतो.

आता टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्याने बिलातून कापून तुझ्या नावावर सरकारकडे भरलेला कर. एखाद्या कंपनीला तू ८०,००० रुपयांचं बिल दिलंस, तिने १० टक्के कापले आणि खात्यात ७२,००० आले. रिटर्नमध्ये ८०,०००च दाखवायचे. ८,००० हा तुझ्या नावावर आधीच भरलेला कर आहे. नुसत्या खात्यातल्या रकमांची बेरीज केलीस तर एआयएसशी (आयकर खात्याकडे असलेली तुझ्या व्यवहारांची वार्षिक नोंद) आकडा जुळणार नाही. म्हणून बिलांची यादी वेगळी ठेव: तारीख, बिल क्रमांक, पूर्ण रक्कम, कापलेला कर, जमा रक्कम. दर तिमाहीला ती २६एएसशी (तुझ्या नावावर जमा झालेल्या कराचा आयकर खात्याचा तक्ता) ताडून बघ.

तुझ्या व्यवसायात खरा घोळ मटेरियलच्या पैशांनी होतो. फी ६०,०००, आणि प्लायवूड, लॅमिनेट, सुताराची मजुरी यासाठी क्लायंट ३ लाख तुझ्याच खात्यात टाकतो. अनुमानित कर योजनेत (जुन्या कायद्याचं कलम ४४एडीए; नव्या कायद्यातही ती आहे) किमान निम्मी जमा उत्पन्न धरली जाते. फीवर ते उत्पन्न ३०,००० होतं. सगळीच रक्कम तुझी जमा धरली गेली तर १,८०,०००! जीएसटी नोंदणीच्या २० लाखांच्या मर्यादेकडेही तू विनाकारण सरकतेस. म्हणून दुकानदाराचं बिल क्लायंटच्या नावावर घे आणि पैसेही त्यालाच परस्पर भरायला सांग. अगदीच इलाज नसेल तर काय कशासाठी दिलं ते ईमेलवर लिहून घे, बिलं जपून ठेव आणि उरलेले पैसे खात्यातूनच परत कर.

या योजनेची मर्यादा वर्षाला ५० लाख जमेची आहे. रोखीने आलेली रक्कम ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. टीडीएस वजा जाता कर १०,००० किंवा त्याहून जास्त निघत असेल तर सगळा अॅडव्हान्स टॅक्स (वर्ष संपण्याआधीच भरायचा कर) १५ मार्चपर्यंत एकदम भरायचा, नाहीतर व्याज लागतं. आर्थिक वर्ष २०२५-२६पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. तरीही रिटर्न भर, नाहीतर कापलेला टीडीएस परत मिळणार नाही.

जीएसटी नोंदणी झाली की बिलावरचा १८ टक्के कर तुझा नव्हे. पैसे आले त्याच दिवशी तो बाजूला काढ. शिल्लक भरपूर दिसते, त्यातून लॅपटॉप घेतला जातो आणि पुढच्या २० तारखेला ३बी (जीएसटीचं मासिक रिटर्न) भरायला पैसे नसतात. नव्या लोकांचं हे हमखास होतं.

फर्मच्या नावाने बिलं द्यायला लागलीस की करंट खातं उघड. बँका फर्मच्या नावाचे दोन पुरावे मागतात: उद्यम प्रमाणपत्र (केंद्र सरकारची लघुउद्योग नोंदणी) आणि गुमास्ता (दुकाने-आस्थापना कायद्याखालची नोंद) चालतं. उद्यम नोंदणी मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नकोस. महाराष्ट्रात २०पेक्षा कमी कामगार असतील तर गुमास्त्यासाठी ऑनलाइन सूचना दिली की पुरते. मात्र दोन्ही कागदांवर, खात्यावर आणि बिलावर फर्मचं नाव अक्षरशः एकच असू दे.